पडलेली हार्डडिस्क, ११ वर्षांचा कुलवृत्तांत आणि हे डेटा रिकव्हरीचं दुकान (५ पैकी ४ स्टार)

एवढा मोठा रिव्ह्यू मी पहिल्यांदाच लिहितेय पण लिहायचाच होता, कारण मी जेव्हा रात्री दोन वाजता डोळे पुसत रिव्ह्यू शोधत होते तेव्हा सगळीकडे "बेस्ट सर्व्हिस", "व्हेरी गुड" एवढंच होतं, नक्की काय केलं, किती दिवस लागले, पैसे किती घेतले, कुणीच लिहिलेलं नाही.

तर मी घरून डीटीपी करते. अक्षरजुळणी, पुस्तकांची मांडणी, आणि जून ते ऑक्टोबर दिवाळी अंक. गेल्या वर्षी दिवाळी संपली, शेवटचा अंक छापून आला आणि कॉम्प्युटर इतका भरला होता की फाईल सेव्ह करायला पण जागा नाही. मग मी २०११ पासूनचं सगळं काम उचललं आणि १ टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर टाकलं. कट-पेस्ट. ही ओळ परत वाचा. त्या डिस्कवर मी स्वतः मार्करने "बॅकअप" असं लिहिलेलं होतं, घरात सगळे तिला बॅकअपची डिस्क म्हणायचे, पण ज्या क्षणी कॉम्प्युटरवरची मूळ फाईल गेली त्या क्षणी ती बॅकअप राहिली नाही, ती एकुलती एक प्रत झाली. नाव बॅकअपचं आणि प्रत एकच. हे मला तेव्हा डोक्यातच आलं नाही.

त्यात सगळ्यात मोठं काम होतं एका घराण्याचा कुलवृत्तांत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका कुळातल्या सगळ्या शाखा, वंशावळी, कोण कुठून कुठे गेलं, कुलदैवत कुठलं, प्रत्येक माणसाचा जन्म, शिक्षण, विवाह, अपत्यं असं सगळं असलेला जाडजूड ग्रंथ. आप्पा (माझे कोणी नात्यातले नाहीत पण सगळे आप्पाच म्हणतात) निवृत्त झाल्यापासून ११ वर्षं हे काम करतायत. राजापूर, गुहागर, मग इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, जिथे जिथे त्या कुळातले लोक गेले तिथे स्वतःच्या पैशाने जाऊन, म्हाताऱ्या माणसांशी बोलून, मोबाईलवर रेकॉर्डिंग करून आणलेलं. वह्या माझ्याकडे यायच्या, मी टाईप करून प्रूफ काढायची, ते तपासायचे, मी करेक्शन लावायची. साधारण ९०० पानं लागली होती. वह्या आहेत, पण करेक्शनं सगळी फाईलमध्येच. जुन्या प्रुफांचे कागद रद्दीत गेले की हो.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी भाच्याचा पाय वायरीत अडकला आणि डिस्क टेबलावरून खाली आली. चालू असताना. अडीच फूट उंची, खाली फरशी. आवाज फार मोठा नाही झाला, मी उचलून परत लावली तर लाईट लागला, आतून फिरल्याचा आवाज आला आणि मग टक्... टक्... टक्... थोडा वेळ शांत आणि परत टक् टक्. भिंतीवरच्या घड्याळासारखा एका लयीत. स्क्रीनवर काहीच येईना. मी ती निदान दहा-बारा वेळा काढून लावली, दुसरी केबल लावून बघितली, मागच्या पोर्टला लावून बघितली. प्रत्येक वेळी मी ती थोडी थोडी मारत होते हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेली. नाव घेत नाही. त्याने सॉफ्टवेअर लावलं आणि म्हणाला ठेवून जा ताई, रात्रभर स्कॅन होऊ दे. सकाळी गेले तर ४% झालेलं, डिस्क हाताला चटका बसेल इतकी गरम, आणि आवाज आता टक् टक् नाही तर बारीक खरखर. तो म्हणाला फॉरमॅट मागतंय, फॉरमॅट मारू आणि मग रिकव्हर करू. देवाची कृपा की मी नाही म्हणाले आणि घेऊन आले. मला काही कळत होतं म्हणून नाही, नुसती भीती वाटली म्हणून.

मुंबईच्या एका ठिकाणी फोन केला, त्यांनी डिस्क न बघताच ६५,००० सांगितले. मग एका प्रेसवाल्या दादांनी या दुकानाचा पत्ता दिला.

दुकान पुण्यात टिळक रोडच्या आत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरून बघितलं तर विश्वास बसणार नाही असं दुकान आहे, एक काऊंटर, दोन स्टूल, मागे काचेची केबिन. पण मला पहिल्या पाच मिनिटांत जे वाटलं ते सांगते. मालकांनी डिस्क हातात घेतली आणि लावून बघितलीच नाही. आधी विचारलं, कधी पडली, चालू होती का बंद, पडल्यावर किती वेळा लावली, कुणी उघडली का, आवाज कसा येतो तोंडाने काढून दाखवा. मी टक् टक् करून दाखवलं, मग खरखर सांगितली. खरखर म्हणल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले ताई, आता ही कुठेच लावायची नाही, घरी गेल्यावर सुद्धा नाही.

मग त्यांनी एक मेलेली उघडी डिस्क काढून मला समजावलं. आत आरशासारखी चकती असते, ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि तिच्यावरून हेड, म्हणजे वाचणारी सुईच म्हणा, चकतीला न टेकता हवेवर तरंगत जातं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. आपला केस ५०,००० नॅनोमीटरच्या वर जाड असतो, म्हणजे विचार करा. चालू डिस्क पडली की हेड चकतीवर आपटतं, वाकतं किंवा तुटतं. टक् टक् आवाज म्हणजे हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून मागे जाऊन परत येतंय. खरखर म्हणजे ते चकतीला घासतंय. जिथे घासलं तिथला डेटा म्हणजे चकतीवरचा थरच खरवडून जातो, तो जगातला कुठलाच माणूस परत आणू शकत नाही. म्हणजे रात्रभर जे "स्कॅन" चाललेलं ते हेच चाललेलं. मला तिथेच रडू आलं. त्यांनी पाणी दिलं आणि गप्प बसले, त्यांनी उगीच "होऊन जाईल" असं म्हटलं नाही, त्याचं मला बरं वाटलं.

तपासणीचे ८०० रुपये, जे पुढे बिलात वळते होतात. दोन दिवसांनी फोन आला, दोन हेडपैकी एक गेलंय, दुसरं पण भरवशाचं नाही, चकतीवर कडेला एक चरा दिसतोय. काम करायचं तर हेडचा अख्खा सेट बदलायचा, आणि त्यासाठी हुबेहूब तशीच दुसरी डिस्क लागते, तिला ते डोनर म्हणतात. नुसतं तेच मॉडेल असून चालत नाही, आतल्या हेडची रचना, बनवल्याचा काळ, सगळं जवळपास जुळावं लागतं. खर्च सांगितला १९,००० मजुरी आणि ४,२०० डोनरचे, वर जीएसटी. मजुरी डेटा मिळाला तरच, डोनरचे पैसे मात्र काही झालं तरी द्यायचे. हे सगळं कागदावर लिहून दिलं. मी आप्पांना न सांगता हो म्हणाले. त्यांना सांगायची माझी छातीच होत नव्हती.

अजून एक गोष्ट इथे कळली ती लिहून ठेवते. मी विचारलं होतं की सेम डिस्क घेऊन तिचा खालचा हिरवा बोर्ड बदलला तर? (यूट्यूबवर बघितलेलं.) तर म्हणाले बोर्डवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या एकाच डिस्कची मोजमापं लिहिलेली असतात, दुसऱ्याचा बोर्ड लावला तर तो या हेडला ओळखतच नाही. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर डेटाला कुलूप लावायचं काम पण बोर्डच करतो, म्हणून जुना बोर्ड जळला असला तरी फेकायचा नाही, डिस्कसोबत आणायचा.

आता तक्रार. डोनर मिळायला तीन आठवडे लागतील म्हणाले होते, पाच लागले. त्यांच्या हातात नव्हतं हे मान्य, पण एक फोन तरी करायचा. सकाळी ११ ते ४ ते फोन उचलतच नाहीत, केबिनमध्ये काम चालू असतं म्हणे. मी दर दोन दिवसांनी कर्वेनगरहून बसने जाऊन विचारून यायची. ज्याचं सगळं अडकलेलं असतं त्याला दोन ओळींचा मेसेज पण पुरतो, एवढंच माझं म्हणणं. एक स्टार याचा कापलाय. आणि दुसरं, पावती हाताने लिहितात आणि त्यावर फक्त "१ टीबी हार्डडिस्क" लिहिलेलं. मी सांगितल्यावर सिरियल नंबर टाकला. तुम्ही पण टाकून घ्या आणि डिस्कच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

पण या फेऱ्यांमध्ये मी त्यांचं काम जवळून बघितलं, म्हणून सांगू शकते. हेड बदलायचं काम काचेमागच्या कपाटासारख्या एका पेटीत होतं, तिच्यात फिल्टर केलेली हवा सतत वाहत असते, कारण एक धुळीचा कण सुद्धा हेडसाठी दगडासारखा. ते केल्यावर डिस्क नुसती चालू करून फाईली कॉपी करत नाहीत. आधी तिची जशीच्या तशी नक्कल, त्याला ते इमेज म्हणतात, दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घेतात. जो भाग सहज वाचला जातो तो आधी, जिथे अडतंय ती जागा सोडून पुढे, आणि अवघड जागा सगळ्यात शेवटी, कारण नवीन हेड पण किती वेळ टिकेल सांगता येत नाही. माझ्या डिस्कला यात सहा दिवस गेले. स्क्रीनवर हिरव्या चौकोनांची मोठी जाळी, मध्ये मध्ये लाल, म्हणजे न वाचता आलेले. मी उभी राहून ते लाल चौकोन बघायची आणि मनात म्हणायची यात आप्पांचं काही नसू दे.

एका दिवशी मी बसलेले असताना एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, बहिणीच्या लग्नाचे फोटो डिलीट झालेले, रिसायकल बिन पण रिकामा केलेला, लॅपटॉप एसएसडीवाला (म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क). मालकांनी विचारलं किती दिवस झाले, तो म्हणाला आठवडा, रोज वापरतोय. त्यांनी त्याला तिथेच सांगितलं की एसएसडीमध्ये फाईल डिलीट केली की विंडोज त्या डिस्कला कळवतं ही जागा आता नको, आणि डिस्क ती जागा स्वतःच पुसून टाकते, जुन्या फिरत्या डिस्कसारखं ते मागे पडून राहत नाही. एक रुपया न घेता परत पाठवला, आणि जाताना सांगितलं, फोटोग्राफरला आजच फोन कर, त्याच्याकडे कार्ड किंवा कॉपी असेल. सॉफ्टवेअर चालवून हजार-दोन हजार सहज घेता आले असते. या एका गोष्टीवरून मी हे दुकान कुणालाही सांगेन.

आणि मग आला तो दिवस. फोन आला, इमेज झाली, ९६% वाचलंय, येऊन बघा. मी धावत गेले. पूर्ण पैसे भरायच्या आधी ते फाईली उघडून दाखवतात, हे फार चांगलं आहे. पण डिस्कवर फाईलींची एक यादी असते, कुठली फाईल कुठे ठेवलीय त्याची, तिचाच काही भाग त्या चऱ्यात गेलेला. म्हणजे दिवाळी अंकांचे फोल्डर नावासकट आले, आणि कुलवृत्तांताचा फोल्डरच नाही. त्याऐवजी साधारण ९,२०० फाईली नुसत्या नंबरच्या, नाव नाही तारीख नाही. मालक म्हणाले यातल्या बऱ्याच करप्ट दिसतायत, उघडल्या की कचरा येतोय.

मी म्हणाले दाखवा. त्यांनी एक उघडली. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली अक्षरं, सगळा काला. आणि मला एकदम हुंदका फुटला कारण तो कचरा नव्हताच, तो श्रीलिपीचा, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा, मजकूर होता! आमच्या लाईनमधल्या लोकांना हे लगेच कळेल. युनिकोडच्या (हल्ली मोबाईलवर मराठी दिसते त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र, फॉन्ट नसेल तर "जन्म" हा शब्द स्क्रीनवर तीन-चार विचित्र चिन्हांचा गुच्छ दिसतो. पण गुच्छ दर वेळी तोच दिसतो. आणि कुलवृत्तांतात दर चार ओळींनी काय येतं? जन्म, शिक्षण, विवाह, अपत्ये. जन्म, शिक्षण, विवाह, अपत्ये. मी बोट ठेवून त्यांना दाखवलं, हा बघा हा गुच्छ, इथे परत आला, इथे परत. त्यांनी क्षणभर बघितलं आणि मग म्हणाले थांबा ताई, हाच गुच्छ सगळ्या फाईलींत शोधायला लावतो. वीस-पंचवीस मिनिटं लागली. ९,२०० मधून ३४० फाईली निघाल्या. सगळ्या आप्पांच्या.

पुढच्या दोन दुपारी मी त्या स्टुलावर बसून, माझा लॅपटॉप आणि श्रीलिपीचं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली) नेऊन, एकेक उघडून नावं दिली. जुन्या प्रती, नव्या प्रती, करेक्शनच्या आधीच्या, नंतरच्या, सगळं एकात एक मिसळलेलं. या दोन दुपारचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, चहा तेच मागवायचे. एकूण बिल जीएसटी धरून २७,३७६, आधीचे ८०० त्यातच.

काय नाही मिळालं ते पण लिहिते. आप्पांची रेकॉर्डिंग ४० होती, त्यातली ११ गेली. मोठ्या फाईली असतात त्यामुळे कुठे तरी मधला तुकडा लाल चौकोनात जातो, काही तर सुरू होतात आणि चौथ्या मिनिटाला खरखर होऊन थांबतात. मोबाईल आप्पांनी मधे बदलला, त्यामुळे मूळ पण नाहीत. ग्वाल्हेरच्या एका आजींचं दीड तासाचं होतं, त्या ९१ वर्षांच्या होत्या तेव्हा, आता नाहीत. त्यांनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेली, कोकणातून ग्वाल्हेरला गेल्याची हकिगत त्यात होती. वहीत दोन पानांचा सारांश आहे, पण त्यांचा आवाज, मधे मधे हिंदी मिसळलेलं त्यांचं मराठी, ते गेलं. आप्पांना हे मी घरी जाऊन सांगितलं. ते बराच वेळ खिडकीकडे बघत बसले आणि मग म्हणाले बाकीची २९ आधी माझ्या मुलीला पाठव. तिथेच बसून पाठवली.

मी मालकांजवळ एकदा म्हणाले की माझ्यासारखा निष्काळजीपणा कुणी करत नसेल, तर त्यांनी मला दक्षिण कोरियाचं सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन शहरात सरकारच्या डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली ठेवायची जी यंत्रणा होती तिचा ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण ती इतकी मोठी म्हणून तिची दुसरीकडे प्रतच ठेवलेली नव्हती. मला त्याने हलकं नाही वाटलं, उलट भीतीच वाटली.

आता मी काय करते ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. मालकांनी सांगितलेलं साधं आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. चालू काम कॉम्प्युटरवर, दर शनिवारी पोर्टेबल डिस्कवर कॉपी (कट नाही, कॉपी), काम झालं की वायर काढून कपाटात. मजकुराच्या फाईली मुळात छोट्या असतात, कुलवृत्तांताचा सगळा मजकूर गुगल ड्राईव्हच्या फुकटच्या १५ जीबीत मावून खूप जागा उरली. दुसरी एक डिस्क भावाकडे साताऱ्याला, दोन महिन्यांनी बदलते. आणि महिन्यातून एकदा त्यातली कुठलीही फाईल उघडून बघते, कारण कॉपी झाली म्हणजे उघडते असं नाही. शिवाय सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घेतलाय, रोज दहा पानं. परत कधी अशी वेळ आली तर फाईल वाचायला माझ्यासारखं कुणी शेजारी बसलेलं असेलच असं नाही.

दुकानाबद्दल राहिलेलं. तुमच्या डेटाची त्यांच्याकडची प्रत ते १५ दिवस ठेवतात आणि मग पुसतात, तसं लिहून सही घेतात. मी पंधराव्या दिवशी फोन करून विचारलं तर त्यांनी पुसल्याचं स्क्रीनवर दाखवायला बोलावलं. जाताना डिस्कची मूळ केबल आणि कव्हर सोबत न्या, डिस्क रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा, गाडीच्या डिकीत टाकू नका. गाडी दोन गल्ल्या अलीकडेच लावा, खाली जागा नसते. गुरुवारी जाऊ नका, दुपारी बऱ्याचदा लाईट नसते आणि इमेजचं काम चालू असेल तर ते इन्व्हर्टरवर फक्त तेवढंच चालवतात, नवीन डिस्क घेत नाहीत. चारनंतर गेलात तर ते स्वतः भेटतात.